ज्येष्ठांची फ्लूची लस: पंधराशे रुपयांचा हिशेब कुठे मांडायचा?

एप्रिल-मेच्या सुमारास बडोद्यातल्या बऱ्याच घरांत हा संवाद होतो. सून म्हणते, “बाबा, पावसाळ्याच्या आत फ्लूची लस घेऊन टाकूया. तुमची आणि आईंची, दोघांची.” बाबा विचारतात, “केवढ्याला?” “एकाची पंधराशे-अठराशेच्या आसपास.” “म्हणजे दोघांचे तीन हजारांवर, आणि तेही दर वर्षी! मागच्या वर्षी कुठे घेतली होती? झालं का काही?”

बाबांच्या प्रश्नात कंजूषपणा नाही. ठरावीक पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाने प्रत्येक खर्चाला ‘यातून मिळतं काय’ असं विचारावंच. आरोग्याचं अर्थशास्त्र शिकलेली माणसं हाच प्रश्न राज्याच्या आणि देशाच्या पातळीवर विचारतात आणि त्याची उत्तरं काढण्यासाठी त्यांनी चांगल्या पद्धती तयार केल्या आहेत. त्या पद्धती घरातल्या माणसाला कळतील अशा सांगाव्यात, म्हणून हा लेख. माझं म्हणणं आधीच सांगतो. ‘लशीने पैसे वाचतात का?’ हा प्रश्न अपुरा आहे. लस कोणाला द्यायची, कोणत्या भावाने घ्यायची आणि पैसे कोणाच्या खिशातून जायचे, हे ठरल्याशिवाय त्याचं उत्तर निघत नाही. ते ठरलं की उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ निघतं, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा लशीच्या बाजूने निघतं.

बिलावर ‘फ्लू’ लिहिलेलं नसतं

फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा विषाणूचा श्वसनमार्गात होणारा संसर्ग. आपण ज्याला सरसकट ‘व्हायरल’ म्हणतो त्यातला काही भाग हाच असतो. चाळिशीतला माणूस चार-पाच दिवस अंथरुणात काढतो, अंग मोडून येतं, मग कामाला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे १ अब्ज लोकांना हंगामी फ्लू होतो, ३० ते ५० लाख गंभीर आजारी पडतात आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं श्वसनाच्या गुंतागुंतीने दगावतात. श्रीमंत देशांत या मृत्यूंची नोंद नीट होते आणि तिथे त्यांतले बहुतेक ६५ वर्षांपुढच्यांचे असतात.

गुजरातला हा विषाणू अनोळखी नाही. २०१५ मध्ये देशात एच१एन१चे, म्हणजे तेव्हा सगळे ज्याला स्वाइन फ्लू म्हणत त्याचे, ४२ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास ३ हजार मृत्यू झाले. राजस्थान आणि गुजरात सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत पुन्हा मोठी लाट आली. तो एच१एन१ आता हंगामी फ्लूचाच एक भाग आहे आणि दर वर्षीच्या लशीत त्याचा समावेश असतो.

पण हिशेबाच्या दृष्टीने कळीची गोष्ट वेगळीच आहे. वयस्कर माणसाच्या बाबतीत फ्लूचा खर्च फ्लूच्या नावावर पडतच नाही. विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब करतो, त्या जागी जिवाणू शिरतात आणि आठवड्याभराने न्यूमोनिया होतो. फाईलवर लिहिलं जातं ‘न्यूमोनिया’. ज्याला सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुना दमेकरी आजार आहे, त्याचा दम वाढतो. फाईलवर तो ‘सीओपीडीचा अटॅक’. मधुमेह असलेल्यांची साखर तापात हाताबाहेर जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं हृदय. संसर्गामुळे शरीरभर दाह वाढतो, रक्त गुठळ्या धरायला लागतं आणि धमनीत आधीपासून असलेला चरबीचा थर फुटायची शक्यता वाढते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीतून फ्लू नक्की झालेल्या रुग्णांत पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट आढळला. अशा रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘अँजिओप्लास्टी’ असतं. आठ दिवसांपूर्वीच्या तापाचा तिथे उल्लेखही नसतो.

म्हणून “आमच्याकडे कोणाला कधी फ्लू झाला नाही” हे वाक्य ऐकलं की मला खात्री वाटत नाही. फ्लूची तपासणी सहसा होतच नाही. ज्याचं नावच कळलं नाही तो आजार खर्चाच्या वहीत कुठून येणार?

आणखी एक खर्च बिलातही येत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं. आजार काहीही नव्हता. तरी पायांचं सुमारे एक किलो मांस घटलं. आता हेच दहा दिवस ताप, धाप आणि तुटलेली भूक यांच्यासकट धरा. ज्या आजी आषाढात रोज जिना उतरून देवळात जात होत्या, त्या नवरात्रात काठीशिवाय बाथरूमपर्यंत जाऊ शकत नाहीत. आजार बरा झालेला असतो, माणूस पूर्वीसारखा झालेला नसतो. या नुकसानीची किंमत रुपयांत कशी मांडायची, हा या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. त्याकडे पुढे येतो.

लस किती काम करते, हे खरं खरं

लस जादू करत नाही. विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला बसलेल्या वर्षी ती डॉक्टरकडे जावं लागण्याइतक्या फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. वयस्कर माणसांत परिणाम बहुधा कमी असतो, कारण वयाबरोबर प्रतिकारशक्तीही म्हातारी होते. ४० टक्के म्हणजे लस नसती तर ज्या दहा जणांना फ्लू झाला असता, त्यांतल्या चौघांना तो होत नाही. उरलेल्या सहांना होतो, पण पुष्कळदा सौम्य होतो.

विषाणू सतत रूप बदलत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले प्रकार ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. लस दर वर्षी घ्यावी लागते ती याच कारणाने, आणि तिचा प्रभावही काही महिन्यांत ओसरतो. आधी चार प्रकारांची लस मिळायची, आता तीन प्रकारांची मिळते, म्हणून कोणी नाराज होऊ नये. बी गटातला यामागाटा हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून तो वगळला. ही लस मारलेल्या विषाणूच्या अंशांपासून बनते, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, एवढंच.

हृदयाच्या बाबतीतला पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालयातच फ्लूची लस दिली, निम्म्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांपैकी काहीतरी झालेले रुग्ण बिनलशीच्या गटात ७.२ टक्के होते, लशीच्या गटात ५.३ टक्के. दुसरी चाचणी हृदय कमजोर झालेल्या पाच हजारांवर रुग्णांवर दहा देशांत झाली. त्यात भारतातले रुग्णही होते. त्या चाचणीचा मुख्य निष्कर्ष ठामपणे लशीच्या बाजूने लागला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण न्यूमोनिया ४२ टक्क्यांनी आणि रुग्णालयात भरती होणं १६ टक्क्यांनी कमी झालं. खर्चाचा विचार करणाऱ्याने हे दोन आकडे नीट पाहावेत, कारण घराचे पैसे जातात ते इथेच.

घरातला हिशेब

समजा सत्तरीतले एक काका पावसाळ्यात तापाने पडले आणि न्यूमोनियावर गेले. सयाजी हॉस्पिटलात किंवा गोत्रीच्या सरकारी रुग्णालयात नेलं तर उपचाराचा भार हलका असतो. खासगीत नेलं आणि दोन दिवस आयसीयूत ठेवावं लागलं तर आकडा लाखाच्या पलीकडे सहज जातो. इथपर्यंतचा खर्च सगळ्यांना दिसतो.

न दिसणारा खर्च त्यानंतर सुरू होतो. रात्री रुग्णालयात कोण थांबणार? मुलगा मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीवर असेल तर रजा, आणि रोजंदारीवर असेल तर त्या दिवसाची मजुरी गेली. सून घरून डबे देत असेल तर तिचे डबे बंद. गिऱ्हाईक आठ दिवस थांबतं, पंधरा दिवस थांबत नाही. काका घरी आल्यावर भाड्याचं ऑक्सिजन मशीन, दिवसपाळीचा माणूस, फिजिओथेरपी, रिक्षाच्या फेऱ्या. अर्थशास्त्रात याला अप्रत्यक्ष खर्च म्हणतात. आपल्याकडे तो सोसणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते आणि तिच्या श्रमाला पगार नसल्यामुळे तो हिशेबात शून्य धरला जातो. हे मला मुळीच पटत नाही. सुनेने किंवा लेकीने केलेली सहा आठवड्यांची सेवा बाजारातून विकत घ्यायची ठरवली तर किती रुपये लागतील, एवढं जरी मोजलं तरी चित्र बदलतं.

भारतात आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांच्या स्वतःच्या खिशातून होतो, असं २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. दहा वर्षांपूर्वी तो ६० टक्क्यांवर होता, म्हणजे सुधारणा आहे. तरी घराच्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम आजारपणावर गेली तर त्याला ‘कोसळवणारा खर्च’ मानतात, आणि पेन्शनरच्या घरात एक आयसीयूची भरती ही मर्यादा एका झटक्यात ओलांडते.

म्हणून घराच्या दृष्टीने पाहिलं तर लशीचा खर्च गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसारखा आहे. तो ठरलेला, लहान आणि आपल्या सोयीच्या वेळी करायचा असतो. गळती लागेलच असं नाही, पण लागली तर ऐन पावसात लागते, आणि तेव्हा कारागीरही मिळत नाही. ‘मागच्या वर्षी घेतली नाही, काही झालं नाही’ या बाबांच्या वाक्याला उत्तर एवढंच की मागच्या वर्षी छत गळलं नाही, यावरून या वर्षीच्या पावसाचं काहीच कळत नाही.

एक हजार माणसांचा हिशेब

सरकार किंवा विमा कंपनी एका माणसाचा विचार करत नाही, हजारोंचा करते. तोही हिशेब मांडून पाहू. खालचे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून सोपे धरले आहेत. ते बडोद्याच्या एखाद्या पाहणीतले नाहीत.

समजा बऱ्यापैकी ठणठणीत असलेले एक हजार ज्येष्ठ आहेत. लस नसेल तर वर्षभरात त्यांतले ३ जण फ्लूमुळे रुग्णालयात जातील आणि प्रत्येकाचं बिल ८० हजार होईल. लस ४० टक्के काम करते असं धरलं तर १.२ भरती टळल्या, म्हणजे ९६ हजार रुपये वाचले. पण हजार जणांना दीड हजाराची लस द्यायला लागले १५ लाख. नुसत्या रुपयांत हा व्यवहार साफ तोट्याचा दिसतो.

आता दुसरे एक हजार ज्येष्ठ घ्या. कोणाला सीओपीडी, कोणाची बायपास झालेली, कोणी डायलिसिसवर. यांच्यात २५ भरती धरा आणि आयसीयूमुळे बिल दीड लाख. ४० टक्के टळल्या म्हणजे १० भरती, १५ लाख रुपये. लशीचा खर्च १५ लाख. बरोबरी झाली, आणि टळलेले मृत्यू, वाचलेल्या रजा, सुनेचे डबे हे सगळं वरचं.

आता तिसरी गोष्ट बदला. सरकारने घाऊक खरेदी करून तीच लस समजा ४०० रुपयांत मिळवली. दुसऱ्या गटात खर्च ४ लाख, बचत १५ लाख. म्हणजे ११ लाख निव्वळ फायदा. पहिल्या गटात अजूनही ३ लाख ४ हजारांचा तोटाच आहे. मग ठणठणीत ज्येष्ठांना लस देऊच नये का?

इथे ती अवघड गोष्ट येते. आरोग्यसेवेकडून आपण पैसे परत मिळण्याची अपेक्षा मुळात करतच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनने सरकारचे पैसे वाचत नाहीत, तरी ते करतो, कारण माणसाला दिसायला लागतं. म्हणून अर्थतज्ज्ञ विचारतात की एक निरोगी वर्ष मिळवायला किती रुपये पडले. त्यासाठी ते एक माप वापरतात. पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे १. अंथरुणाला खिळलेलं, धाप लागलेलं वर्ष कदाचित ०.४ किंवा ०.५. या मापाला ‘क्वाली’ म्हणतात, म्हणजे गुणवत्तेने तोललेलं आयुष्याचं वर्ष. काठीशिवाय बाथरूमपर्यंत जाऊ न शकणाऱ्या त्या आजींचं नुकसान रुपयांत मांडता येत नाही, पण या मापात मांडता येतं.

आपल्या ठणठणीत हजारांत समजा लशीमुळे ०.१२ मृत्यू टळले, म्हणजे अशा साधारण आठ हजारांमागे एक. त्या माणसाला आणखी १२ वर्षं, बऱ्या तब्येतीची, म्हणजे प्रत्येक वर्ष ०.९ धरा. ०.१२ गुणिले १२ गुणिले ०.९, म्हणजे जवळपास १.३ निरोगी वर्षं. दीड हजारांच्या भावाने निव्वळ खर्च १४ लाख ४ हजार होता. एका निरोगी वर्षाला पडले पावणेअकरा लाखांच्या आसपास. ४०० च्या भावाने निव्वळ खर्च ३ लाख ४ हजार, म्हणजे एका निरोगी वर्षाला सुमारे सव्वादोन लाख.

हे महाग की स्वस्त, हे कशाशी ताडायचं? ब्रिटनने बरीच वर्षं एका क्वालीला २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा मानली. थायलंडने १ लाख ६० हजार बाट मानली. भारतात २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाचं काम चालतं. तिथे साधारणपणे देशाच्या दरडोई उत्पन्नाशी तुलना होते, आणि तो आकडा आज दोन लाखांच्या थोडा वर आहे. म्हणजे आपल्या सोप्या उदाहरणात ठणठणीत ज्येष्ठांची लस दीड हजाराला महाग आणि चारशेला उंबरठ्यावर येऊन उभी राहते. लस तीच, माणसं तीच, फरक फक्त खरेदीच्या भावाचा. “ही लस परवडते का?” याचं उत्तर बऱ्याच अंशी “कोण विकत घेतंय?” यावर अवलंबून आहे ते असं.

अभ्यासातला एक चकवा

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातला १९९४ चा एक अभ्यास खूप गाजला. लस घेतलेल्या ज्येष्ठांत न्यूमोनिया आणि फ्लूच्या भरती निम्म्याच्या आसपास कमी झाल्या आणि दर माणशी वर्षाला सरासरी ११७ डॉलर वाचले, असं त्यात निघालं. असे आकडे वाचून लशीच्या बाजूचे लोक खूश होतात. मीही लशीच्याच बाजूचा आहे, पण इथे जपून पाऊल टाकायला हवं.

सकाळी कमाटी बागेत फिरायला येणारे आजोबा लस घ्यायला स्वतः चालत जातात. ज्यांना पक्षाघात झालाय, जे वरच्या मजल्यावरून खाली उतरत नाहीत, ते राहून जातात. मग वर्षअखेरीस ‘लस घेतलेले कमी दगावले’ असं दिसलं तर श्रेय लशीचं किती आणि मुळातल्या तब्येतीचं किती? सिएटलमध्ये संशोधकांनी २००६ मध्ये हे तपासलं, तेव्हा लस घेतलेल्या ज्येष्ठांतले मृत्यू फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीपासूनच कमी असल्याचं दिसलं. जेव्हा विषाणू फिरतच नव्हता, तेव्हा तो फायदा लशीचा असूच शकत नाही.

म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेल्या चाचण्या जास्त विश्वासाच्या. वर सांगितलेल्या हृदयरुग्णांच्या दोन्ही चाचण्या तशाच आहेत. जास्त मात्रेच्या लशीची २०१४ ची चाचणीही तशीच. ६५ वर्षांवरच्या सुमारे ३२ हजार लोकांत चौपट मात्रेच्या लशीने नेहमीच्या लशीपेक्षा २४ टक्के जास्त संरक्षण दिलं. आर्थिक फायद्याचे दावे वाचताना ते कोणत्या प्रकारच्या अभ्यासावर उभे आहेत, हे बघायची सवय लावून घ्यावी.

सरकार कोणत्या टोकाला पैसे देतं

२०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस आयुष्मान भारत योजनेचा विस्तार झाला आणि ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत मिळू लागले. गुजरातने तर २०२३ मध्येच आपल्या योजनेची मर्यादा कुटुंबामागे १० लाखांवर नेली होती. फार मोठी गोष्ट आहे ही. किती घरांच्या सोन्याच्या बांगड्या यामुळे गहाण पडायच्या वाचल्या असतील!

पण ही योजना भरतीसाठी आहे. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस धरले जातात. लस त्यात येत नाही. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मुलांच्या आणि गर्भवतींच्या लशी मोफत आहेत, ज्येष्ठांची फ्लूची लस त्यातही नाही. आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये जुने आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी तिची शिफारस आहे, पण शिफारस आणि पुरवठा यांत अंतर आहे. खासगी विम्याच्या बहुतेक पॉलिसीही भरतीवरच बेतलेल्या असतात. म्हणजे काकांचा न्यूमोनिया लाखभर रुपयांना सरकार भरून देईल, आणि तो टाळायची शक्यता वाढवणारी सुई काकांनी स्वतःच्या पेन्शनमधून घ्यायची. देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या लोकांच्या २०१७-१८ च्या मोठ्या पाहणीत फ्लूची लस घेतलेले शंभरात दोनही निघाले नाहीत, यात नवल नाही.

आता आयुष्मानमुळे भरतीचा खर्च सरकारवर आला आहे, म्हणून टाळलेल्या प्रत्येक भरतीची बचतही सरकारचीच आहे. दहा वर्षांपूर्वी हा मुद्दा एवढा जोरदार नव्हता. डायलिसिसवरचे, सीओपीडीचे, झटका येऊन गेलेले ज्येष्ठ सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत आधीपासून आहेत. त्यांना डिस्चार्जच्या दिवशीच लस दिली तर शोधत फिरायचीही गरज नाही.

इतरांनी हे करून दाखवलंय. ब्राझीलने १९९९ पासून ज्येष्ठांना मोफत लस द्यायला सुरुवात केली. लॅटिन अमेरिकेतले देश मिळून एकत्र खरेदी करतात, म्हणून त्यांना ती आपल्या दुकानभावाच्या कितीतरी खाली मिळते. थायलंड काही युरोप-अमेरिकेसारखा श्रीमंत देश नाही, तोही ६५ वर्षांपुढच्यांना आणि जुन्या आजाराच्या रुग्णांना मोफत देतो. आपल्याकडे तर कारखानाही दूर नाही. अहमदाबादच्या झायडसने २०१० मध्ये देशातली पहिली एच१एन१ लस आणि २०१८ मध्ये चार प्रकारांची फ्लूची लस तयार केली. आजव्याचं धरण बांधून बडोद्याला नळाचं स्वच्छ पाणी द्यायचं सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकात ठरवलं, तेव्हा आजार झाल्यावर दवाखाना काढण्याइतकंच तो होऊ न देणंही राज्याचं काम आहे, हे या शहराने पाहिलेलं आहे.

नातवंडांची सुई, आजोबांचा बचाव

एक मुद्दा बहुतेकांच्या हिशेबात राहून जातो. जपानने १९६२ ते १९८७ या काळात शाळकरी मुलांना फ्लूची लस देण्याचा मोठा कार्यक्रम चालवला. नंतर तो सैल केला आणि १९९४ मध्ये थांबवला. मुलांचं लसीकरण जोरात होतं तेव्हा देशातले मृत्यू, मुख्यतः वृद्धांचे, कमी होते, आणि थांबल्यावर ते पुन्हा वाढले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असा अंदाज निघाला की त्या कार्यक्रमाने वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, म्हणजे दर ४२० मुलांच्या लशीमागे एक.

मुलं शाळेतून विषाणू आणतात आणि आजी-आजोबांच्या मांडीवर बसतात. दांडिया बाजारातल्या वाड्यात किंवा मांजलपूरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे तीन पिढ्या एकत्र राहतात, तिथे नातवाची लस ही आजोबांचीही लस असते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दर वर्षी फ्लूची लस द्यायला सांगते. ज्या घरात केमोथेरपी चालू असलेली किंवा अतिशय थकलेली व्यक्ती आहे, म्हणजे जिच्या शरीरात लस नीट ‘लागत’ नाही, तिथे भोवतालच्यांनी लस घेणं जास्त मोलाचं ठरतं.

यंदा काय करायचं

आपल्या भागात फ्लूचे दोन हंगाम येतात: मुख्य जुलै ते सप्टेंबर आणि दुसरा जानेवारी ते मार्च. पहिला बरोबर गणपतीत येतो. बंद मंडपातल्या आरत्या, घरोघरचं हळदीकुंकू, दर्शनाच्या रांगा आणि बाहेर पाऊस. दुसरा हंगाम अमेरिका-कॅनडातली मुलं डिसेंबरच्या सुट्टीत येऊन जातात त्याच्या मागोमाग. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. तो हुकला तर जुलैत घ्यावी, ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडू नये.

घरात एकाच लशीपुरते पैसे असतील तर वयापेक्षा आजार पाहून ठरवावं. बहात्तर वर्षांच्या धडधाकट आजोबांपेक्षा सीओपीडी असलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या आजींची लस आधी. ज्यांचं हृदय कमजोर आहे, झटका येऊन गेलाय, मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा साखर आटोक्यात राहत नाही, ते सगळे पहिल्या रांगेत. त्या दिवशी ताप असेल तर थांबावं. पूर्वी कुठल्या लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. न्यूमोनियाची वेगळी लस असते. तिच्याबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावं, कारण ती दर वर्षी घ्यावी लागत नाही.

सोसायटीतल्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघातल्या वीस-पंचवीस जणांनी मिळून एकाच दिवशी घ्यायचं ठरवलं तर डॉक्टर किंवा वितरक भाव कमी करतात का, ते विचारून पाहावं. घाऊक खरेदीचं तत्त्व सरकारपुरतंच थोडं आहे! आणि सुई टोचून घेण्याआधी खोका मागून पाहावा. त्यावर कोणत्या हंगामाची लस आहे ते छापलेलं असतं. गेल्या हंगामातली उरलेली पेटी असेल तर ती नको म्हणावं आणि नवी आल्यावर यावं.